शेंबूड आणि साबुदाणा

पाणी साफ करायच्या कॉलमचं वरचं झाकण उघडून इसिडोरने कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर रेझिन वर काढलं. बावीस वर्षांत हे त्याने इतक्या वेळा केलं होतं की हात आता डोक्याला विचारत नसे. रेझिन कसं लागतं ते हाताला पाठ होतं. ओल्या साबुदाण्यासारखं. दाणा दाण्याला ओळख न दाखवणारा, मूठ आवळली की बोटांच्या फटीतून पळ काढणारा. आज दाणे पळाले नाहीत. भिजवलेल्या सब्जासारखे एकमेकांना बिलगून तळव्यावर तसेच बसून राहिले. त्याने अंगठा फिरवून बघितला. बुळबुळीत. ही बुळबुळ आधी हाताने ओळखली, डोक्याने जरा उशिरा. शेंबूड. साबुदाण्याला शेंबूड लागलाय. शिडीवर उभ्या उभ्याच त्याला बरोबर काम करणाऱ्या जयवंतचा तो लाल प्लास्टिकचा मग आठवला, आणि मगावर आपणच आपल्या हाताने, तापलेल्या तारेने, जीव ओतून कोरलेला ज आठवला.

"काका, कसं आहे?" खालून प्रांजलने विचारलं. प्रांजल म्हणजे सहा महिन्यांपूर्वी आलेली केमिस्ट. साहेब सगळ्यांना तिला मॅडम म्हणायला लावायचा आणि ती म्हणू द्यायची नाही.

"आहे," इसिडोर म्हणाला.

"आहे म्हणजे?"

"म्हणजे जागेवर आहे. पळालं नाय."

ती हसली. हसणारच. अंधेरीच्या या औद्योगिक वसाहतीत गेली बावीस वर्षं इसिडोरने तोंड उघडलं की लोक हसायला तयारच असत. त्याने ती कमाई केलेली होती. नव्या स्टोअरकीपरला त्याने एकदा बसने आरे कॉलनीत पाठवलं होतं, डीएम दूध आणायला. डीएम म्हणजे क्षार काढलेलं पाणी, ते इथे प्लँटमध्ये बनतं. त्याला सांगितलं, तसं दूधपण असतं, बॉयलरला घालतात, तबेल्यात माझं नाव सांग. पोरगा तीन तासांनी खरंच कॅन घेऊन परत आला, कारण तबेल्यात इसिडोरच्या वरताण कोणीतरी भेटला होता, त्याने कॅनवर खडूने डीएम लिहून दिलं होतं. त्या दिवशी सगळ्या प्लँटने डीएम दुधाचा चहा प्यायला. अशा गोष्टी. कोणाला लागत नव्हत्या, दुखत नव्हत्या, दुसऱ्या दिवशी धुऊन जायच्या. निदान त्याचा तसा हिशोब होता.

शेंबूड आणि साबुदाणा ही नावंही त्याचीच. कंपनी इंजेक्शनच्या बाटल्या बनवायची, बाटल्या धुवायला पाणी लागायचं, धुतलेलं गढूळ पाणी साफ करून पुन्हा वापरायचं. त्यासाठी पहिल्या टाकीत पॉलीइलेक्ट्रोलाइट. पांढरी पावडर, ड्रमात पाण्यात कालवली की अशी तार धरते की काठी वर उचलली तर हातभर लोंबतं. म्हणून शेंबूड. तो गढूळपणाचे कण गोळा करतो, कण जड होऊन तळाला बसतात. वरचं पाणी वाळूतून गाळून कॉलममध्ये. तिथे साबुदाणा, पाण्यातला कॅल्शियम वगैरे धरून ठेवतो. आठवड्यातून एकदा अ‍ॅसिड मारलं की साबुदाणा ते सगळं सोडून पुन्हा ताजा. शेंबडाचं खातं जयवंतकडे, साबुदाण्याचं इसिडोरकडे. एकाची पोती डाव्या गोदामात, दुसऱ्याची उजव्या. दोन वस्तूंचा एकमेकांशी काही संबंध आहे असं इसिडोरला बावीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

शेंबूड टाकायचा पंप केव्हाच बिघडला होता, आणि जयवंतचा हात पंपापेक्षा बरा म्हणून कोणी दुरुस्त केला नाही. सकाळी चार मग, दुपारी चार मग. अर्ध्या लिटरचा लाल मग, दुसऱ्या कोणी हात लावू नये म्हणून जयवंतने त्याच्यावर तापल्या तारेने ज कोरला होता. एकतीस वर्षांची नोकरी, एक मेमो नाही. असा सरळ माणूस बघितला की इसिडोरची बोटं शिवशिवायची. जूनमध्ये मरोळच्या बाजारात एका टपरीवर त्याला तसेच लाल मग दिसले, तीन मापांचे, एकाच ठशाचे, आणि त्याच क्षणी सगळा डाव डोक्यात तयार होऊन आला. आधी अर्ध्याच्या जागी पाऊण. थोड्या दिवसांनी पाऊणच्या जागी एक लिटर. जयवंत एक दिवस मग हातात धरून उभा राहील, डोकं खाजवील, म्हणेल, इशा, मगाक सूज इली काय रे? आणि मग आपण सांगायचं, पावसाळ्यात प्लास्टिक फुगतं. दोन्ही मगांवर त्याने ज कोरला होता. जयवंतच्या ज ची खालची शेपटी जरा वाकडी होती, ती वाकडी शेपटी आणायला तीन मग वाया गेले होते. कामाचं असं काम त्याने कंपनीसाठी कधी केलं नव्हतं.

पाऊणवाला जयवंतने ओळखला नाही. एक लिटरवाला ठेवला त्या संध्याकाळी इसिडोरची रजा सुरू झाली. टिनाचं लग्न. दोन दिवसांनी प्लँटवर पत्रिका द्यायला येऊ, तेव्हा मजा बघू, असं त्याने ठरवलं होतं. पण लेकीच्या लग्नात माणसाचं ठरवणं कोण विचारतं? मांडव, वाईन, डुकराचं मटण, कुर्ल्याहून येणारा बँड, बायको मॉनिकाच्या माहेरचे तेवीस लोक. उंबराच्या पाण्याच्या दिवशी बँडच्या मागून बायका कळशा घेऊन गावठाणातल्या विहिरीवर गेल्या, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला. विहिरीवर आता पालिकेची जाळी, कुलूप, चावी कोणाकडे त्यावरून तासभर राडा. पाणी निघालं तेव्हा इसिडोरने सवयीने खिशातली क्षार तपासायची छोटी बाटली काढून ओंजळभर पाण्यात थेंब टाकला. पाणी वाईनसारखं लाल. एवढं क्षारांचं, कडक पाणी त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं. मॉनिकाने बँडच्या आवाजावर ओरडून विचारलं, काय रे, चांगलं आहे ना? त्याने सांगितलं, झकास. आणि बायका नाचत निघाल्या. त्या गर्दीत पिशवीतून घरी आणलेला जयवंतचा खरा मग कुठल्या कुठे गेला. अठरा दिवसांनी काल तो कामावर आला तेव्हाही आठवला नाही. काल त्याने शेंबूड टाकायच्या, म्हणजे डोसिंगच्या, खोलीतल्या भिंतीवर खडूच्या रेघा बघितल्या, चार-चारच्या जुड्या, खालपर्यंत, आणि जयवंतला म्हणाला, काय रे, तुरुंगात आहेस काय? जयवंत हसला नाही. हेसुद्धा आता, शिडीवर उभं राहून, हातावर चिकटलेले दाणे बघताना आठवत होतं.

प्रांजलने दाणे काचेच्या वाटीत घेतले, लॅबमध्ये नेले, रंग घालून बघितले. इसिडोर दारात टेकून उभा. "पॉली आहे," ती म्हणाली. "वाळूतून पार होऊन आलंय. डोस खूप जास्त झालाय, काका, थोडाथोडका नाही."

"मग अ‍ॅसिड मारू. डबल मारू. मीठ मारू."

"नाही निघणार."

"कॅल्शियम निघतो तर हे का नाय? हे तर शेंबूड. पाण्यात विरघळणारं."

तिने त्याच्याकडे बघितलं, मस्करी आहे का हे चाचपायला. मग खुर्ची ओढली. "रेझिन आणि पॉली, दोघांचं नातं काय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"एक माझ्याकडे, एक जयवंतकडे."

"तेवढंच?" ती हसली. "एकाच घरातले आहेत काका. पॉली म्हणजे लांबच लांब साखळी, तिच्या अंगावर जागोजागी चार्ज. सुटी आहे म्हणून पाण्यात पसरते, विरघळते. तसल्याच साखळ्यांना एकमेकींशी गाठी मारल्या की झालं रेझिन. मग विरघळता येत नाही. पाणी पितं, फुगतं, पण जागा सोडत नाही. तुमच्या कॉलममध्ये जे भरलंय ना, ते गाठी मारलेलं पॉलीच आहे."

"म्हणजे चुलत भाऊ?"

"सख्खे. एकाचं लग्न झालंय, एवढंच."

इसिडोर मोठ्याने हसला. हसू येऊन गेलं, आणि गेल्यावर तोंडात काही उरलं नाही. "भाऊ आहेत तर भावाने भावाचा गळा का धरला?"

"कारण आपल्या रेझिनच्या अंगावर मायनस, आणि आपण जे पॉली वापरतो त्याच्यावर प्लस. ओढले जाणारच. कॅल्शियमला फक्त दोन हात. अ‍ॅसिडची गर्दी आली की ते सुटतात. या साखळीला हात हजारो. एक सोडवलात तर बाकीचे धरलेलेच. सगळे एकदम कधी सुटणार? आणि ती एवढी मोठी की दाण्याच्या आत शिरत नाही, दारातच बसते. कोणाला आत येऊ देत नाही, बाहेर जाऊ देत नाही." तिने वाटी बाजूला सारली. "रेझिन बदलावं लागेल. ते होईल. पण साहेब विचारतायत डोस कोणी वाढवला. जयवंतकाकांना मी सकाळी विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, मीच. माझ्याच हातून झालं असणार, लिहून घे." तिने पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "मार्चमध्ये रिटायर होतायत ना? साहेब त्यांना दोन वर्षं ठेवून घेणार होते. आता म्हणतायत, नको. वय झालं. काका, ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. वादच घातला नाही."

डोसिंगच्या खोलीत जयवंत उलट्या बादलीवर बसला होता, भिंतीवरच्या रेघांकडे तोंड करून. गुडघ्यावर डबा, उघडलेला नाही. माणूस नाहूरहून रोज सकाळी सहाला निघतो, बायको शेवंती त्याच्या आधी उठून डबा करते, आणि तो डबा न उघडता बसतो, हे इसिडोरने कधी बघितलं नव्हतं. त्याने नेहमीसारखं पाठीत गुद्दा घालायला हात उचलला आणि तो हात तसाच खांद्यावर ठेवला.

"इशा," जयवंत वळला नाही. "माझ्या बापाशीचा सांगितलेलंय ना तुका?"

सांगितलं होतं. खूप वर्षांपूर्वी, एकदाच. मालवणकडच्या घरी म्हातारा नारळ मोजायचा. मोजून झाले की पुन्हा मोजायचा. मग जेवलो की नाही ते विचारायचा. मग शेवटी मुलाला विचारायचा, तू खयचो रे? तेव्हा ऐकताना इसिडोरला आतून हसू फुटत होतं, नारळांच्या त्या मोजणीचं, आणि त्याने ते दाबलं होतं. दाबलं होतं हे तरी बरं.

"ड्रम चार दिवस पुरता," जयवंत म्हणाला. "आता दोन दिवसांत संपता. म्हणजे मी मग घालतंय, इसारतंय, परत घालतंय. मग म्हटलं, लिहून ठेवूया. एक मग, एक रेघ. बघ, चारच रेघो. सकाळी चार, दुपारी चार. तरी ड्रम संपलो. म्हणजे रेघ मारूक पण इसारतंय." त्याने भिंतीवर बोट टेकवलं. "ह्या कसा ओळखूचा, सांग. इसारलेल्या माणसाक कळता काय, इसारलंय म्हणून?"

आत्ता सांग, इसिडोरच्या डोक्यात कोणीतरी म्हणालं. त्याने मोठा श्वास घेतला. "जया, मग मी बदलला. मस्करीत. हा मोठा आहे. तुझा नाय हा."

जयवंतने समोरचा मग उचलला. ज वर अंगठा फिरवला, वाकड्या शेपटीवर थांबला. मग पहिल्यांदा वळून बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आभार होते. इसिडोरला ते बघवेना.

"तू असा माणूस आसस ना," जयवंत म्हणाला, "कोणाचा काय झाला की मस्करी करून उडवतंस. पण ह्या उडवू नको. अक्षर माझा असा. माझा अक्षर माका कळता, एवढा तरी अजून कळता." आणि तो मग परत ठेवून दिला.

इसिडोर बाहेर आला आणि नळाखाली हात धुतले, साबण लावून, दोनदा. बोटांच्या बेचक्यांतली बुळबुळ जाईना. पॉली असंच असतं, पाणी लागलं की जास्तच. चूक करणं त्याला येत होतं, चूक कबूल करणंही येईल असं वाटलं होतं. पण कबूल केलेलं समोरच्याने घेतलंच नाही तर काय करायचं, याची त्याला सवय नव्हती. लहानपणापासून एकेक मस्करी केली, प्रत्येकीने एकेक हात धरला. शाळेत फादरच्या घंटीचा लोलक पळवला तो एक हात. सासऱ्याच्या बुटात कोळंबी ठेवली तो एक. डीएम दूध एक. सुटी सुटी बघितली तर काहीच नाही, कोणीही सोडवील. पण सगळ्यांनी मिळून त्याला असा धरून ठेवला होता की आज तो खरं बोलला तेव्हा ते खरं दारातच अडकलं, आत गेलं नाही. पोरगी बरोबर बोलली होती. फक्त ती रेझिनबद्दल बोलत होती.

घरी तो मागच्या दाराने अंगणात शिरला. मांडवाचे बांबू अजून पडलेले. मॉनिका कढीपत्त्याला पाणी घालत होती, आणि तिच्या हातात जयवंतचा मग होता. अर्ध्या लिटरचा, खरा.

"हा कुठे होता?"

"लग्नात सापडला. बाथरूममध्ये पाहुण्यांनी वापरला, मग मी झाडांना घेतला. तूच आणलास ना?"

"ज बघितलास ना याच्यावर? काय वाटलं तुला?"

"जावयाचा ज, म्हटलं. तुझं काय सांगता येतं? दुसऱ्या दिवशी जावयाच्या बादलीत बेडूक निघाला तेव्हा पण मी विचारलं नाय." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "काय केलंस, इसिडोर?"

लग्नाच्या सत्तावीस वर्षांत मॉनिका 'काय झालं' असं कधी विचारत नसे. काय केलंस. त्याने पायरीवर बसून सगळं सांगितलं, आणि ती एकदाही हसली नाही, म्हणून त्याला बरं वाटलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "त्याला बोलून पटणार नाय. तुझं कोणाला पटतं? मोजून दाखव," आणि तो मग धुऊन त्याच्या पिशवीत घातला.

सकाळी तो जयवंतच्या आधी पोचला. जयवंत आला, शर्ट खिळ्याला लावला, मागे वळला तर समोरच्या ओट्यावर दोन लाल मग. दोन ज. दोन वाकड्या शेपट्या.  बोलायचं नाही हे इसिडोरने रात्रभर ठरवून ठेवलेलं होतं. त्याने लहान मग नळाखाली भरला, मोठ्यात ओतला. पुन्हा भरला, ओतला. दुसऱ्यांदा ओतल्यावर मोठा काठोकाठ झाला. मग त्याने खिशातून तार काढली, लायटरवर तापवली, आणि टेबलावर पडलेल्या प्लास्टिकच्या झाकणावर एक ज काढला, शेपटीसकट. जयवंत बघत होता. ती शेपटी दुसऱ्याच्या हातातून निघताना बघत होता.

 मग जयवंतने दोन्ही मग बाजूला सारले, रिकामी बादली नळाखाली ठेवली, नळ सोडला, डोळे मिटले, हाताच्या अंदाजाने बंद केला. "मोज."

इसिडोरने लहान मगाने मोजलं. बरोबर एक मग. थेंबाचा फरक नाही.

"परत." पुन्हा नळ, पुन्हा डोळे मिटलेले. बरोबर एक मग. "परत." सहा वेळा त्याने मोजायला लावलं. सहाव्या वेळी जयवंतचे ओठ हलत होते, आणि ते हसू आहे की काय हे इसिडोरला ठरवता येईना, आणि त्याने पहिल्यांदाच ठरवायचा प्रयत्न सोडून दिला.

"चल," जयवंत म्हणाला. "सायबाकडे."

साहेबाच्या केबिनमध्ये प्रांजल आधीच कागद घेऊन उभी होती. इसिडोरने उभ्या उभ्या सांगितलं, मरोळच्या टपरीपासून टिनाच्या लग्नापर्यंत, काही न वगळता. आपला आवाज त्याला परका वाटत होता, कारण वाक्याच्या शेवटी तो कुठे वर जात नव्हता. साहेब ऐकता ऐकता हसायला लागला. "इसिडोर, बस कर यार. मित्रासाठी करतोयस, समजतं मला. पण म्हणजे स्वतः मग कोरून आणलास? अरे, कमाल आहे तुझी!" आणि टेबलावर थाप मारली.

"हसतास कित्याक?" जयवंत म्हणाला. एकतीस वर्षांत तो साहेबासमोर एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता. "खरा सांगता तो. माझी सही घेवा. आयुष्यात पयल्यांदा खरा बोलता हा माणूस, आणि तुमी हसतास."

साहेबाचं हसू मधेच थांबलं. प्रांजलने हातातला कागद आडवा फाडला, नवा घेतला आणि वर इसिडोरचं नाव लिहिलं. मेमो लांबलचक होता. रेझिन बदलेपर्यंत रविवारच्या सुट्ट्या बंद, आणि पुढचं काय ते वरचे ठरवतील. इसिडोरने सगळा वाचला, एकही शेरा न मारता सही केली.

प्लँटकडे परत जाताना जयवंत दोन पावलं पुढे चालत होता आणि इसिडोरने ती दोन पावलं तशीच राहू दिली. कॉलमपाशी आल्यावर जयवंत थांबला. मागे न बघता म्हणाला, "अठरा दिवस, इशा. मी घराकडे शेवंतीक नावान हाक मारूक नाय. अगे, म्हणा होतंय. नावान मारली आणि चुकलंय तर? दुसराच कायतरी तोंडातसून इला तर? म्हणून अगे. तिका वाटला माझा कायतरी बिनसला तिच्यावर."

इसिडोरला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं. एवढी वर्षं त्या तोंडात प्रत्येक वेळेला काही ना काही तयार असायचं.

"बोल ना," जयवंत म्हणाला. "एरवी बंद नसता."

 जयवंतने शर्टाच्या खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, आकडे दाबले आणि कानाला लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज, मग बाईचा. अहो, काय झाला? ह्या वेळेक?

"शेवंती," जयवंत म्हणाला.

काय?

"काय नाय." तो थोडा थांबला. "शेवंती."